तोलाचा डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर

(दवाखान्याचा जिना. बस कंडक्टर असलेली ताई पायरीवर बसली आहे. धाकटा भाऊ शेजारी उभा.)

भाऊ : ऊठ ना ताई, लोक बघतायत.

ताई : बघू देत. तोल जाणाऱ्यांचा डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर पाटी काय, तर 'बंद आहे, सहकार्य करावे'!

भाऊ : मी पाठीवर घेतो.

ताई : नको रे बारक्या. मान जरा वळली की भिंती गरगर फिरतात. दोघंही गडगडू.

भाऊ : मग आज घरी जाऊ. आई म्हणतेच, अशक्तपणा असेल.

ताई : अशक्तपणा म्हणून तिनं एवढं खाऊ घातलं, की युनिफॉर्म होईना मला! कानवाला म्हणतो मेंदू दाखवा, मेंदूवाला म्हणतो कान दाखवा. डेपोत साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, सकाळीच थोडी घेऊन आलात वाटतं?" मी! चालत्या गाडीत काही न धरता तिकिटं दिली मी, आयुष्यभर. आज नाही जायची परत.

काउंटरवाली : (वरच्या काउंटरवरून जिन्यात येत) ओ बाई, जिन्यात बसू नका.

ताई : उभं राहता येत असतं तर आले असते का इथं?

काउंटरवाली : तुमचा नंबर आलाय. आत्ता वर आला नाहीत तर नवी तारीख घ्यावी लागेल.

भाऊ : अहो, हीच तारीख किती महिन्यांनी मिळालीय!

काउंटरवाली : डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. मी काय करू?

ताई : त्यांना खाली बोलवा.

काउंटरवाली : डॉक्टर खाली येत नाहीत.

ताई : बरं. बारक्या, चपला धर माझ्या.

भाऊ : हे काय, बसल्या बसल्या चढणार? पाठमोरी?

ताई : लहान पोरं बसून उतरतात तशी, फक्त वर. मी डोळे मिटते. वळण आलं की सांग.

काउंटरवाली : अहो, कपडे खराब होतील! वरचे पेशंट काय म्हणतील?

ताई : ते कसे आले वर?

काउंटरवाली : कुणाला मुलांनी खुर्चीसकट उचलून आणलं...

ताई : आणि उचलायला कुणी नसेल तर?

काउंटरवाली : ...जातात खालूनच परत.

भाऊ : वळण, ताई. डावा हात भिंतीला लाव. थांबूया का जरा?

ताई : थांबले की फिरतं जास्त. चल.

काउंटरवाली : (तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर) सरका हो दादा, मी मागून धरते. डोकं आपटेल त्यांचं. हं... अजून एक. बास, आला मजला. जा आत.

ताई : नाही. डॉक्टरांना आधी इथं बोलवा.

भाऊ : आता काय, ताई! पोचलीस ना?

ताई : मी पोचले रे. खालून परत गेले ते? हा जिना बघू दे डॉक्टरांना एकदा. मग तपासू दे.

काउंटरवाली : ...भिंतीला टेकून बसा. बोलावते.