नुसतं बघायला गेले

माझं माहेर राहुरीकडचं आन् सासर हे कोल्हार, प्रवरेच्या काठाला. चौदाव्या वर्षापासनं याच पान्यात धुनी धुतली, याच पान्याच्या उसात खुरपलं, आन् काय सांगू तुमाला, हे पानी येतं कुठनं ते चाळिशी आली तरी मला ठाव न्हवतं.

शेजारची हिराबाई, तिची लेक भंडारदऱ्याला धरनापाशीच दिलेली. ती सांगायची, आपल्या प्रवरेचं पानी तिथनंच येतं, श्रावनात तिथं ढग दारात येत्यात, चल एकदा. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मालकांना इचारलं, तर म्हनले, तिथं कोंचा देव हाय? म्हनलं देव न्हाई, डोंगर बघायचा. हसायलाच लागले. शिर्डीला चल, मी सोता नेतो, पन नुसतं बघायला बाईमानूस जातं व्हय? मी म्हनलं, शिर्डीला धा येळा गेले, दर येळी कुनासाठी तरी मागितलं, आता काय मागायचं न्हाई. ते लई चिडले, गेलीस तर दार लावून घेईन म्हनले. म्हनलं, लावा.

पहाटं भाकरी थापल्या. सासूबाई चुलीपाशी बसल्या हुत्या, एवढंच इचारलं, लई गार असतं का गं तिथं? आन् आपली घोंगडी पुढं केली.

तीन यष्ट्या बदलल्या. घाटात हिराबाईला ओकाऱ्या, म्हनली माघारी जाऊ. मी म्हनलं, तू डोळं मिटून बस, मी न्हाई फिरायची. रात तिच्या लेकीकडं काढली, दुसऱ्या दिशी सकाळी धरनापाशी गेलो तर ढग असा आला, हाताच्या अंतरावरची हिराबाई दिसंना. मग तो हालला, आन् खाली ते एवढं पानी, भवती हिरवे डोंगर. मी दगडावर बसले. कुनी भाकर मागंना, कुनी हाक मारंना. बसूनच राह्यले. रडले बी थोडी.

घरी आले तर खरंच आतनं कडी. मी हाक मारली न्हाई, वट्यावर बसले. शेजारनी जमल्या तशा मालकांनी कडी काढली. काय मिळालं तिथं? गार वाटलं, म्हनलं. आठ दिस बोलले न्हाईत. पुढच्या श्रावनात पुन्ना गेले, तवा यष्टीपतुर सोडायला आले, तोंड फुगवूनच, पन आले.

आता ते न्हाईत, माझे गुडघे गेले. नात कालेजात हाय, म्हनती आजी, मैत्रिनींसंगं डोंगरावर जाऊ का? मी म्हनते, जाऊ का म्हनू नको, कवा येशील तेवढं सांग. आन् जा माझी बाय, पोटभर बघून ये.