चार बोटं प्लीहा

...आणि वर डॉक्टर विचारतात काय, तर 'आजोबा, पोट हलकं वाटतंय ना?' अहो, पोट हलकं झालं आणि डोकं जड झालं, त्याचं काय? पण नाही, गोळी लागू पडली आहे!

तुम्हाला सांगतो, रक्त हाडाच्या आत तयार होतं म्हणे. माझ्या हाडांत आता नुसता काथ्या. मग ते काम घेतलं पोटात डाव्या बाजूला बसलेल्या प्लीहेनं. आमच्या ऑफिसात दुसऱ्याचं काम अंगावर पडलं की माणूस वाळायचा. ही बया फुगली! बरगडीखालून निघाली ती थेट बेंबीच्या शोधात. म्हणून गोळी. गोळीनं ती आकसली, खाज गेली, घाम थांबला... खोटं कशाला बोलू? पण रक्तही उतरलं. मग दुसऱ्याचं चढवा. मग कमरेवर नागीण उठली. डॉक्टर म्हणतात, 'गोळीच्या अभ्यासात एवढा त्रास दिसला नव्हता.' कसा दिसेल? तिथं निवडून निवडून धट्टेकट्टे आजारी घेतलेले! मधुमेहवाला, एक मूत्रपिंड रुसलेला असा मी... मला दारातूनच परत धाडलं असतं.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक शिंपी बसायचा. आजार तोच, गोळी तीच. माझ्या सगळ्या पँटी त्यानंच उसवून दिल्या. 'जरा सैल धरू का, साहेब?' त्याची प्लीहा तर हाताला लागेनाशी झाली. डॉक्टर खूश! पुढच्या महिन्यात छातीत कफ झाला आणि शिंपी गेला. गोळी लागू पडली होती हो! आता ती खुर्ची रिकामी असली तरी मी उभा राहतो. तिथून आवाज येतो... 'जरा सैल धरू का?'

बरं, ही प्लीहा मोजतात कशी? बोटांनी! बरगडीखाली बोटं आडवी ठेवायची. जुन्या डॉक्टरांची बोटं म्हणजे काकड्या. त्यांच्या हिशेबानं चार. ते गेले बदलून, आल्या नव्या बाई, बोटं शेवग्याच्या शेंगा. 'अरे बापरे, सहा! वाढली. गोळी लागू पडत नाही, बंद करावी लागेल.' गोळी सुटली की ती दुप्पट फुगून सूड घेते, हे यांनीच सांगितलेलं. तेवढ्यात आमची ही उठली. 'बाई, आधी तुमचा हात दाखवा!' बाईंनी आपलाच हात उलटसुलट पाहिला आणि सोनोग्राफीला धाडलं. प्लीहा होती तेवढीच! गोळी चालू.

तेव्हापासून ही रोज सकाळी स्वतः मोजते. 'तीनच!' कधीही मोजा, तीनच. परवा पाहिलं, पहिलं बोट ठेवते तेच बरगडीपासून चांगलं खाली सरकवून. आणि मोजताना माझ्याकडे बघत नाही.

सैल धरते बिचारी. मीही पट्टा एक भोक सैल करतो आणि म्हणतो, 'लागू पडली हो, गोळी लागू पडली!'