बाबांच्या हातची काडतुसं

हे कुणीतरी मुद्दाम केलंय, मर्लकाका, माझ्याकडून लिहून घ्या. नाही, बसत नाही, कॉफी नको — बाबा बाहेर गाडीत आहेत. तुम्ही आधी ती डबी काढा. बाबांनी शेडमध्ये स्वतः भरून दिलेल्या काडतुसांची हो! बाकीच्या घरांतून परत आणल्या, तुमचीच राहिलीय. तुमचा गुडघा दुखतोय ते बरंच झालं — नाहीतर आज शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, तुम्ही घरी सापडला असतात थोडेच?

ऐकलं नाही तुम्ही? काल नेम तपासायला पहिलीच गोळी झाडली आणि रायफल त्यांच्या हातात फुटली. दोन बोटं गेली. रात्रभर बिलिंग्जच्या इस्पितळात होतो. फोन? करणार होते — पण असलं फोनवर कसं सांगणार? त्या कपाटात बघा ना, माशांच्या आमिषांच्या डब्यामागे. पिस्तुलाची स्फोटक पूड भरली गेलीय रायफलच्या काडतुसांत — भडकन पेटते ती, नळीच्या चिंध्या होतात. आणि हे बाबांच्या, तुमच्या ऑरव्हिलच्या हातून होईल? सांगा, होईल? दुसऱ्याने भरलेलं काडतूस इथे कुणी सख्ख्या भावाचंही झाडत नाही — आणि अख्खं खोरं बाबांकडून भरून घेतं! का? टेबलावर पुडीचा एकच डबा. काम झालं की उरलेली परत त्याच डब्यात, डबा कपाटात, मगच दुसरा. लहानपणी मी नुसता दुसऱ्या डब्याला हात लावला तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी. म्हणून म्हणते, कुणीतरी शेडमध्ये शिरलं. शिरलंच असणार.

असं बघू नका ना. कुलूप होतं, मान्य. किल्ली त्यांच्याच गळ्यात होती, तेही मान्य. आज सकाळी मी आत गेले तर — टेबलावर दोन डबे, दोन्ही उघडे. एकातली पूड दुसऱ्यात ओतलेली. पण म्हणून लगेच — माणूस दमतो, काका! मला आईच्या नावाने हाक मारतात कधीकधी, त्यात काय एवढं? गेल्या आठवड्यात बाबा गोठ्याची वाट चुकले, पण धुकं होतं. होतं थोडं. तुम्ही बोलू नका कुठे. बोललात तर बंदुका नेतील, शेडला कुलूप लागेल, आणि मग तो माणूस सकाळी उठून करणार काय? खिडकीत बसणार? त्या टेबलापाशी अजून बाबा असतात हो ते. घरात आले की — दुसरंच कुणीतरी.

खालचा खण बघितलात? जाकिटाचे खिसे? असं कसं नाही? मागच्या रविवारी माझ्यासमोर दिली त्यांनी तुमच्या हातात! — या, व्हर्नाकाकू, बरं झालं आलात, यांना काही सापडत नाही. बाबांची डबी कुठे ठेवलीय? पिवळी चिकटपट्टी लावलेली?

"ती होय? आमची टेस घेऊन गेली की पहाटेच, वरच्या रानात. पहिलीच शिकार पोरीची — म्हणाली, दुकानातली नकोत आजी, ऑरव्हिलआजोबांचीच दे."