गुडघ्यावरचं लुगडं

आमी सालेकशाच्या जंगलातले, गोंड मानसं. मोहफूल येचाचं, धानाच्या बांदीत रोवना कराचा, मंग लुगडं गुडघ्याच्या वरतंच नेसा लागे ना, खाली सोडलं तं चिखलात भरन का नाही. माह्या मायचं तसंच, आजीचं तसंच. अन पोटऱ्यायवर गोंदन. माय सांगे, मेल्यावर सोनंनानं इथंच राह्यते बाई, गोंदन तेवढं संगं येते, म्हून ते झाकाचं नाही.

मंग लेकाले गोंदियाले नोकरी लागली, तिथंच बाजूले कुडव्याले घर केलं. मी गेली लुगड्यावर, तं लेक हरूच म्हने, माय, इथं पाय झाकून राह्य, लोक हासतात. काय सांगू तुमाले, लय लागलं मनाले. पन लेकाचं घर, भांडन कायले करू? नायलानची साडी घोट्यापावतर नेसली, जिन्यावर पाय अडकून पडता पडता वाचली. वर्सं गेली तशीच, गावी लुगडं, कुडव्याले साडी.

अन कचारगडची जत्रा, आमच्या गोंडायच्या देवायची. आधी आमी गुपचूप पाया पडून येओ. आता पिवरे फेटे, पिवरे झेंडे, शिकलेले पोरं ढोल वाजवून राहिले, पोरी हौसेनं लुगडी नेसून राहिल्या. माही सून आमच्यातलीच, पन गोंदियात वाढलेली, ते म्हने, माय, अवंदा जत्रेले तुमी लुगडंच नेसा. सोताच बाजारातून आनलं, पिवऱ्या काठाचं. उलगडून पाह्यते तं काय, पोरीनं त्याले साडीवानी फॉल लावून ठेवला. मले हासूच आलं. लुगड्याले फॉल! तो वर खोचाचा कसा, कडक पट्टी गुडघ्याले टोचे. पन तिनं मायेनं लावला ना, म्या म्हटलं, राहू दे बाई, खालीच सोडून नेसते.

तिच्या ध्यानात आलं. ब्लेड आनली अन ओट्यावर बसून सारा फॉल उसवला. गाडी दारात उभी, लेक खोळंबलेला. मी गुडघ्यावर नेसून भाईर आली, मनात म्हटलं, आता हा बोलन. तं तो माह्या पायाजवर वाकला, म्हने, माय, आनखी थोडं वर घे, गोंदन दिसू दे.

आता कुडव्यालेही मी लुगड्यावरच जाते. शेजारच्या बाया पुसतात, हे काय गोंदलं, मी बसून सांगते. आमच्या बडादेवानं मले भरून देल्लं जी. गोंदन तं संगं येईलच, लेकाचा तो बोलही घेऊन जाईन. अन माही सून, तिचे हात सुखात राहो.