वांग्याची माय

(शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली आहे. दुसरीच्या शिक्षिका हेमांगी मॅडम प्रमिलाबाईंच्या ओट्यावर बसल्या आहेत. प्रमिलाबाईंची नात भाविका शेजारी खेळायला गेली आहे.)

हेमांगी : म्हणजे घरी रोज वाचते ती?

प्रमिलाबाई : रोज वाचस, मॅडम. दिवाबत्ती व्हयनी का पुस्तक लिसन बसस. मी ऐकस आनि तुमना कागदवर आंगठा देस. घरमा कोनीतरी ऐकाले पाहिजे, तुम्हीनच सांगेल व्हतं ना?

हेमांगी : हो, उपक्रमच तो आहे. पण अक्का, आज मी तिला जवळ बसवून वाचायला लावलं. तिला एक ओळ वाचता आली नाही. अजून अक्षरंच लागत नाहीत तिला.

प्रमिलाबाई : असं कसं व्हई? कालदिन बकरीनं पुस्तक बठ्ठं वाचं तिनी. मधमा थांबनी बी नई.

हेमांगी : काय वाचलं?

प्रमिलाबाई : बकरी सुरतले कामले जास, साडीस्ना कारखानामा. पिल्लू गावमाच ऱ्हास. मंग आखाजीले बकरी एस्टीमा बसस, सोनगीर फाटावर उतरस, आनि पिल्लूले उचली लेस. एस्टीनं चित्रबी शे तठे.

हेमांगी : चित्र आहे. पण त्यातली बकरी घुंगरू घ्यायला बाजाराला जाते. तिला पिल्लू नाही.

प्रमिलाबाई : नई?

हेमांगी : नाही. त्याआधी कोणती पुस्तकं वाचली तिने?

प्रमिलाबाई : हत्तीनं. हत्तीनबी आखाजीले घर उनी. मंग ते भाजीपालानं. त्यामा वांगानी माय सुरतले गई व्हती. माले हसू उनं. म्हटलं, वांगालेबी माय ऱ्हास का ओ? ती म्हने, आजी, बठ्ठास्ले ऱ्हास.

हेमांगी : भाज्यांच्या पुस्तकात गोष्टच नाही, अक्का. नुसती नावं आहेत.

प्रमिलाबाई : मी अडानी बाई. माले वाटनं, आते पोऱ्हेस्ना पुस्तकेस्मा हाईच लिखतस. माय जास आनि आखाजीले येस.

हेमांगी : तिची आई सुरतेला असते, एवढंच शाळेत कळलं मला. कामाला गेलीय ना?

प्रमिलाबाई : पोरले तसं सांगेल शे. मना पोऱ्या दीपक हायवेवर अपघातमा गया, तव्हय नूतन चोवीस वरीसनी व्हती. तिना जलम कसा जाई? गावमा सोयरिक जमाडतस त्या भिकनभाऊले सांगीसन मीच तिनं दुसरं लगीन लाई दिन्हं. त्या लोके म्हनेत, पोर आमले नको. मी म्हटलं, पोर मनी शे, तुम्ही नूतनले सुखमा ठेवा. दिवाईपावत भाविका रोज पुसे, माय कव्हय ई. मंग पुसनं बंद करं तिनी. माले वाटनं, इसरनी. पोऱ्हे इसरतस.

हेमांगी : आणि आखाजी कुठून आली तिच्या डोक्यात?

प्रमिलाबाई : देखस ना ती. आखाजीले गल्लीमा बाया पिशव्या लिसन येतस, झोका खेयतस, गाणा म्हनतस. तिले वाटस, आपली मायबी तशीच ई. आते तिले कसं सांगू मी? आखाजीले लेकी येतस, मॅडम. सुना नई येतस. हाई गाव नूतननं माहेर नई शे.

हेमांगी : मी तर ठरवून आले होते, तिच्याकडची गोष्टींची पुस्तकं परत न्यायची आणि अक्षरांपासून पुन्हा सुरुवात करायची. आता टाळलं तर पोर पुढे मागेच राहील. आणि वाचता यायला लागलं की...

प्रमिलाबाई : तिले समजी, बकरीले पिल्लूच नई शे.

हेमांगी : हो.

प्रमिलाबाई : शिकाडा तिले. मनागत आंगठा नको तिना नशीबमा. पन बकरीनं पुस्तक आखाजी व्हवापावत घर राहू द्या.

हेमांगी : अक्का, त्याने ती जास्तच वाट बघत बसेल. सणाच्या दिवशी कोणी आलं नाही तर काय होईल तिचं? मला नाही बघवणार ते.

प्रमिलाबाई : पोरसाठे नई म्हनत मी. कालदिन सांजले नूतनले फोन लावा. म्हटलं, सून म्हनीसन नको, मनी लेक म्हनीसन ये आखाजीले. एक दिन ये.

हेमांगी : काय म्हणाली?

प्रमिलाबाई : 'राँग नंबर शे' म्हने. बाजूले कोनी बसेल व्हई तिना नवा घरनं.

हेमांगी : मग ठेवला फोन?

प्रमिलाबाई : तिनी ठेवा नई. मीबी नई. अठे ओटावर भाविका बकरी वाची राहिंती, मोठा आवाजमा. पुस्तक सरे तोपावत फोन चालूच व्हता.