गौरम्माची गाठ

शिवलीला : हे काय पितेस आत्या? दे तो ग्लास इकडं. दे म्हणते ना!

गौरम्मा : यव्वा, वडू नगं की गं! कडुलिंबाचा रस हाय. तूच काढलेलं औषध, आन् तूच दचकतीस व्हय?

शिवलीला : मी काढलेलं?

बसलिंगप्पा : पेपरात आलंय की. 'सोलापूरच्या शिवलीलानं कडुलिंबातून शोधला कॅन्सरवर उपाय.' साऱ्या दुधनी गावाला वाचून दाखवलं मी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आसं सरळ लिवलंय. तुझ्या आत्याला तेच की.

शिवलीला : मामा, ती बातमी वाचून आमच्या लॅबच्या मॅडमनी डोक्याला हात लावला होता. म्हणून काल आत्याला ॲडमिट केलं नाहीत? डॉक्टरांचा मला फोन आला, तुमची पेशंट आलीच नाही म्हणून. तशीच एस्टीत बसले मी.

बसलिंगप्पा : घरात औषध आस्ताना पोट कशाला फाडायचं, म्हणली ती. मला बी पटलं. रोज सकाळी मीच पाला वाटायलोय.

शिवलीला : ऐका. लॅबमध्ये माझ्याकडं प्लास्टिकच्या बारक्या प्लेटी असतात. त्यात मी आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवते. कडुलिंबातला एक घटक वेगळा काढून त्यांच्यावर घातला, की त्या वाढायच्या थांबतात. पुष्कळशा मरतात.

गौरम्मा : मेल्या न्हवं? मग झालं की!

शिवलीला : प्लेटीत मेल्या, आत्या. प्लेटीला पोट नाही, रक्त नाही, लिव्हर नाही. तुझ्या ह्या रसातलं गाठीपर्यंत काय पोचतं, मला माहीत नाही. आम्ही अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही. फिनेल ओतलं तरी त्या पेशी मरतात. फिनेल पिशील?

बसलिंगप्पा : म्हंजे मी उगंच वाटत बसलो?

शिवलीला : मायेनं केलंत मामा. पण गाठ काही थांबलेली नाही तोवर.

गौरम्मा : आसं आसंल, तर तू इतकी वर्सं तितं करतीस तरी काय?

शिवलीला : खरं सांगू? कधी कधी मलाही तेच वाटतं. पण आधी काहीच दिसत नव्हतं, आता दिसतंय. पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तुझ्यासाठी मात्र आजच्या घडीला ऑपरेशन हाच उपाय आहे. गाठ अजून पसरलेली नाही, आत्ता काढली तर चांगली आशा आहे, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. मग का नाही म्हणतेस?

बसलिंगप्पा : सांग की तिला. मला सांगिटलीस ती गोष्ट.

गौरम्मा : तुमी गप बसा.

शिवलीला : आत्या.

गौरम्मा : पोटाला पिशवी लावत्यात म्हणं. समदं तिच्यातनंच जातं. मग चार बायकांत बसायचं कसं गं? लग्नात, मठात? वास आला तर?

शिवलीला : हे डॉक्टरांना विचारलंस?

गौरम्मा : बाप्या माणसाला आसलं कसं इचारू?

शिवलीला : मी विचारते, तू नुसती शेजारी बस. सगळ्यांना लागत नाही पिशवी. लागली तरी बऱ्याच जणांची नंतर काढून टाकतात. आणि लागलीच, तर मी बदलीन.

बसलिंगप्पा : मी बी शिकीन.

गौरम्मा : तुमी? तुमाला चहा गाळता येत न्हाय!

बसलिंगप्पा : पाला वाटाय शिकलोच न्हवं?

(ऑपरेशननंतर. सोलापूर, दवाखान्यातला वॉर्ड.)

शिवलीला : दुखतंय का गं फार?

गौरम्मा : हासलं की दुखतंय. म्हणून तुझ्या मामाला भाईर बसीवलंय. पिशवी बदलाय शिकलेत, आन् आता नर्सलाच सांगायलेत कशी धरायची ती.

शिवलीला : डॉक्टर भेटले मला. गाठ सबंध निघाली. आतडं भरून आलं की पिशवीही काढणार.

गौरम्मा : त्यांनी आदीच इचारलं हुतं मला, गाठीचा तुकडा संशोधनाला द्याल का म्हणून. सही करून दिली. म्हणलं, माझ्या भाचीकडंच धाडा.

शिवलीला : मॅडमनी सांगितलं. परवानगी आली आहे. आजवर विकत आणलेल्या पेशी असायच्या आत्या, कुणाच्या ते कधी डोक्यातही यायचं नाही. आता प्लेटीत तू असणार.

गौरम्मा : मग घाल की तुझं औषध त्यांच्यावर. बघ काय हुतंय.

शिवलीला : हात थरथरतील माझे.

गौरम्मा : थरथरू देत. सांडू नगं म्हंजे झालं.