पणजोबांच्या कोटाच्या आत

टेप गुंडाळा आधी. नवे पुतळे येणार, मापं घ्यायची, वहिनींनी पाठवलंय — कळलं, दोनदा सांगितलंत. घर त्यांचं, दिवाणखान्याचं संग्रहालय करायची हौस त्यांची, कपडे त्यांच्या सासऱ्यांच्या घराण्याचे — म्हणजे माझ्याही, पण धाकट्या दिराला विचारतो कोण? दाराशी खुर्ची दिलीय, कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून. तुम्हीही त्यातलेच.

बघायचं तर बघा. हे आजीचं लग्नातलं पोलकं. पाटीवर काय लिहिलंय — 'नाजूक बांधा'. नाजूक कसला, मागे मूठभर कापड चिमटून टाचण्या मारल्यात, म्हणून तर भिंतीला पाठ. आजी बसली की सोफा भरायचा.

आणि हे पणजोबा. छातीवर भोक दिसतंय ना? लढाईतल्या गोळीचं, असं वहिनी सांगतात. लोक हळहळतात. कसरीनं खाल्लंय हो ते. पणजोबा लढाईला गेले होते खरे — घोड्यांना गवत घालायला. अंगानं असे, की फुंकर मारली तर पडावेत. आता छाती बघा. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तसा हा पोकळ कोट. भरायला काहीतरी हवंच. भुसा सांडतो, कागद कुरकुरतो. मग वहिनींनी काय करावं — मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात, आणि यांनी आमच्या खोलीतलं कपाट उघडलं. आमच्या म्हणजे — माझ्याच. बायको त्याच्या आदल्या थंडीत गेली. 'जुनेरं तर होती भावजी, तुम्हाला काय करायची?' खरंय. मला काय करायची?

नाही, डोळ्याला पाणी ऑपरेशनपासून येतं. या बाहीतून निळी लोकर डोकावतेय, दिसली? स्वेटर आहे तिचा. शाल पोटात असणार, उसवून बघितलं नाही. या दिवाणखान्यात तिला कुणी कधी बस म्हटलं नाही — शिंप्याची पोर. आता बघा, मधोमध उभी, पणजोबांची छाती होऊन, आणि वहिनी रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकतात. स्वतःच्या हातानं. मला हसू येतं. अजून येतं.

जुन्या पुतळ्यांचं काय करणार म्हणालात? — जाळायचे, आतल्या भरणासकट. हं. वहिनींनीच सांगितलं असेल.

हे बघा, मागणं माझ्या स्वभावात नाही, वहिनींकडे तर नाहीच. तुम्हाला सांगतोय फक्त. कात्री चालवायची नाही. पाठीच्या शिवणीचे टाके सोडवायचे, एकेक. मी इथंच बसलोय. कोट घेऊन जा, नव्या पुतळ्याला चढवा, भोक हवं तर मोठं करा, गर्दी वाढेल. आतलं मात्र या खुर्चीवर ठेवायचं. घडी मी घालीन.

बघताय काय? जा, हात धुऊन या आधी.